ऐंशी हजारांची खुर्ची, त्रेसष्ट हजारांचं टेबल: दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी इंटिरिअरवाला नाही, सुतारही नाही, नोकरी सॉफ्टवेअरमधे आणि राहायला कोथरूडला. आमची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि २०२३ च्या एप्रिलमधे नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली. नव्या घरात जुनं फर्निचर शोभणार नाही असं आधी बायकोला वाटलं, मग मलाही वाटायला लागलं, आणि बिलं बघून दोघांनाही वाटेनासं झालं तोवर उशीर झाला होता. तर त्या भानगडीत एक डिझायनर खुर्ची आणि एक डिझायनर सेंटर टेबल घरात आलंय. दोन्ही वस्तू दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खाऊन बसल्यात, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

खुर्ची ६८ हजार, टेबल ५४ हजार, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे खुर्ची ८०,२४० आणि टेबल ६३,७२०, मिळून १ लाख ४३ हजार ९६०. बाबांना आकडा सांगायचा नाही असं आमचं ठरलं होतं पण बिल राहिलं ओट्यावर. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, घडी घालून परत जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "जुना फ्लॅट मी १ लाख ३५ हजाराला घेतला होता. त्याला दोन बाल्कन्या होत्या." बस्स. पुढे काही नाही, पेपर उघडला. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

पण खुर्ची खरं तर त्यांच्यासाठीच घेतली होती. बाबा ७६ चे आहेत, दोन्ही गुडघे कुरकुरतात, ऑपरेशन नको म्हणतात. भाड्याच्या घरातला सोफा बुटका आणि खोल, त्यात बसले की उठायला कोणीतरी हात द्यायला लागायचा. घरात कोणी नसेल तर ते सोफ्यावर बसायचंच नाहीत, डायनिंगच्या खुर्चीत बसून टीव्ही बघायचे. हे मला कळायलाच वर्षभर लागलं, ते काही बोलले नाहीत.

कोरेगाव पार्कात एका स्टुडिओत गेलो होतो. दुकान म्हणायचं नाही बरं का, स्टुडिओ. आत अंधूक दिवे, वस्तू कमी आणि मोकळी जागा जास्त, किमतीची चिठ्ठी खुर्चीच्या बुडाखाली आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरात. तिथल्या मुलीने आम्हाला कॉफी दिली आणि सागवानाच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, "सर, धिस पीस इज अ डायलॉग बिटवीन टीक अँड केन." बाबांनी मला हळूच विचारलं, सागवान आणि वेत काय बोलतायत म्हणे?

पण मग ते त्या खुर्चीत बसले. आणि पाच मिनिटांनी उठले. म्हणजे नुसते उठले, कोणाचा हात नाही, "आई गं" नाही, पुढे मागे झोके घेणं नाही. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. ती मुलगी अजून डायलॉगबद्दलच सांगत होती, बिचारीला माहीतच नव्हतं की खुर्ची विकली गेलीय.

तरी लगेच घेतली नाही. पुणेकर आहे मी. एकवीस फोटो काढले, लपून टेपने लांबी-रुंदी-उंची मोजली (बायको त्या मुलीला पडद्यांचे भाव विचारत होती तेवढ्यात) आणि घरी येऊन आमच्या मिस्त्रींना फोन केला. हे मिस्त्री आमच्याकडे वीस वर्षं येतायत, मूळचे साताऱ्याकडचे, हात चांगला, बोलणं कमी. फोटो बघून म्हणाले, "ह्यात काय आहे, बावीस हजारात देतो, सीपी सागवानात." (सीपी म्हणजे मध्य प्रदेशाकडचं.) मी खूश. ५८ हजार वाचवल्याच्या आनंदात आम्ही त्या रात्री बाहेर जेवलो पण.

बावीस हजारांची खुर्ची बारा दिवसांत आली आणि दिसायला हुबेहूब. पॉलिश तर मूळच्या खुर्चीपेक्षा चकचकीत. बाबा बसले, मागे टेकले, म्हणाले छान आहे. मग उठायला गेले आणि उठता येईना! परत तेच, हात द्या.

आता मला कोडं सोडवायचा नाद आहे, म्हणून एका रविवारी फोटो आणि खुर्ची समोरासमोर ठेवून बसलो. आणि जे सापडलं ते सांगण्यासाठीच हा सगळा रिव्ह्यू लिहायला घेतलाय.

पहिली गोष्ट, मिस्त्रींनी बैठकीखाली समोरच्या दोन पायांच्या मधे एक आडवी पट्टी मारली होती. मूळ खुर्चीत ती नाहीच. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, मजबुतीला. नाहीतर पाय फाकतील." बरोबरच आहे त्यांचं. पण तुम्ही आत्ता खुर्चीतून उठून बघा, उठायच्या आधी तुमचे पाय आपोआप मागे जातात, गुडघ्याच्याही मागे, खुर्चीच्या खाली. मग अंगाचा भार पुढे येतो आणि माणूस उठतो. पाय मागे जायला जागा नसेल तर सगळा जोर मांड्या आणि हातांवर. बाबांच्या टाचा त्या पट्टीला आपटत होत्या. आणि खाली सामान ठेवायला खोका असलेला सोफा असतो ना, जो आपल्याकडे सगळ्यांना "स्टोरेज मिळतं" म्हणून आवडतो, त्याचाही हाच प्रॉब्लेम. घरातली म्हातारी माणसं त्यातून उठताना बघा एकदा.

दुसरी गोष्ट, बैठकीचा उतार. मूळ खुर्चीत बैठक समोर साडेसतरा इंच आणि मागे साडेसोळा, म्हणजे फक्त एक इंच उतार. फोटोत तो दिसतसुद्धा नाही. मिस्त्रींनी पाणसळ लावून बैठक एकदम लेव्हलमधे केलेली, कारण सुताराने वाकडी बैठक केली तर लोक त्याला नावं ठेवतात. उतार नसल्यामुळे बाबा हळूहळू पुढे घसरायचे आणि मग पोक काढून बसायचे. हातही तसेच. मूळचे हात पुढे दोन बोटं जास्त आलेले आणि टोकाला गोल, म्हणजे उठताना तळवा नेमका तिथे पडतो. मिस्त्रींनी ते पायाच्या रेषेत कापून टाकले कारण गुण्या (काटकोन बघायचं सुताराचं हत्यार) लावला की तसंच बरोबर दिसतं.

म्हणजे मिस्त्रींनी जिथे जिथे "चूक" दुरुस्त केली तिथे तिथे खुर्ची बिघडली. हे कळल्यावर मी गपगुमान कोरेगाव पार्कात गेलो आणि ८०,२४० भरले.

आता हिशोब. पुणेकराने पैसे भरले की हिशोब करणं आलंच. मिस्त्रींना विचारून मी कच्चा अंदाज काढला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून त्यांनी सागवान ४,२०० रुपये घनफूट दराने आणलं होतं, वाया जाणारं धरून एका खुर्चीला पावणेदोन घनफूट, म्हणजे ७ हजार ३५०. सहा दिवसांची मजुरी साडेआठ-नऊ हजार. वेताचं विणकाम तीन-साडेतीन हजार, पॉलिश दोन-अडीच. झाले बावीस. स्टुडिओचं लाकूड आणि कारागीर थोडे भारी धरले तरी तीसच्या वर जात नाही. मग ६८ हजारांतले उरलेले ३८ हजार कशाचे? जागेचं भाडं, त्या मुलीचा पगार, कॉफी, कॅटलॉगचे फोटो, ते अंधूक दिवे. हे सगळं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्यातच तो एक इंच उतारही आहे. तिथला डिझायनर नंतर भेटला, पोरगेलासा मुलगा होता, म्हणाला खुर्ची फायनल होण्याआधी त्यांनी नऊ खुर्च्या बनवून मोडल्या. त्या नऊ मोडक्या खुर्च्यांचे पैसे मी भरले असं समजतो. ते मला जास्त वाटत नाहीत. दिव्यांचे वाटतात.

सांधे पण बघितले मी खुर्ची उलटी करून. मधे पट्टी नसूनही पाय का फाकत नाहीत, तर एका लाकडाला चौकोनी भोक आणि दुसऱ्याचं टोक त्यात आरपार बसवलेलं, शिवाय सांध्याजवळ लाकूड जाड ठेवलंय आणि पुढे निमुळतं होत गेलंय. स्क्रू एकही नाही. मिस्त्रींच्या खुर्चीत स्क्रू आणि वर लांबी (म्हणजे पुट्टी) भरून पॉलिश. दोन वर्षांत मूळची अजिबात हललेली नाही.

इथे जरा विषयांतर करतो. "डिझायनर" म्हणजे महाग हे समीकरण कोणी करून ठेवलंय काय माहीत. आपण इराण्याकडे ज्या काळपट, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसून बन मस्का खाल्ला ना, त्या व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या माणसाच्या डिझाइनच्या घराण्यातल्या. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. लाकूड वाफवून वाकवायचं, सगळी मिळून सहा लाकडं, दहा स्क्रू, दोन नट. सुट्ट्या करून भरल्या तर एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. आयकिया हे स्वीडिश फर्निचरचं दुकान आपल्याकडे हैदराबादला २०१८ मधे आलं आणि आपण पाना फिरवत फर्निचर जोडताना "काय डोकं लावलंय" म्हणालो, पण हे डोकं लावून दीडशे वर्षं होऊन गेली होती. आणि ती खुर्ची श्रीमंतांसाठी नव्हतीच, कॅफेसाठी होती, खपाव्यात म्हणून स्वस्त केलेली. बाबांनी तसली एक बऱ्याच वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून सव्वाशे रुपयांना आणली होती, अजून त्यांच्या खोलीत आहे, बैठकीची जाळी दोनदा विणून घेतलीय. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं डिझायनर फर्निचर सव्वाशे रुपयांचं, आणि आणणारा माणूस मला फ्लॅटची किंमत सांगत होता.

आयकियाचीच ती वाकवलेल्या लाकडाची, बसलं की किंचित झुलणारी आरामखुर्ची घ्या, पोएंग. नोबोरु नाकामुरा या जपानी डिझायनरची, १९७६ ची. आमच्या खुर्चीच्या पाव किमतीहूनही स्वस्त. तीही डिझायनरच की.

उलटी गंमत चंदीगडची. हल्ली प्रत्येक स्टुडिओत "चंदीगड चेअर" असते, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे पाय, सागवान, वेताची बैठक. त्या पिएर जनरेने, म्हणजे चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या चुलतभावाने, तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी करून घेतल्या होत्या १९५० च्या दशकात. बाबू लोकांनी बसायच्या खुर्च्या त्या! नंतर मोडल्या, गच्चीवर टाकल्या, भंगारात लिलाव झाले, आणि परदेशातल्या व्यापाऱ्यांनी उचलून नेल्या. आता तिकडे लिलावात एकेक खुर्ची लाखांच्या भावाने जाते. मी स्टुडिओत त्याची नक्कल बघितली, ५२ हजार. बसून बघितलं. सरकारी कचेरीत बसल्यासारखंच वाटलं, वाईट नाही, पण बाबा त्यातून उठू शकले नाहीत. इतिहासाला पैसे द्यायचे असतील तर द्या, गुडघ्यांना काही उपयोग नाही.

आणि नकला होणारच. आपल्याकडे डिझाइन्स ॲक्ट २००० प्रमाणे नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण, फार तर अजून ५ वाढवून मिळतात. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या डॅनिश खुर्चीची नक्कल कोणीही करतं आणि "इन्स्पायर्ड" म्हणून विकतं. नक्कल वाईटच असते असं नाही, पण नक्कल करणारा फोटोवरून करतो आणि फोटोत उतार येत नाही. आमच्याच घरात पुरावा आहे.

बरं, आता टेबल. इथे माझा सूर बदलणार आहे.

टेबल त्याच स्टुडिओतून घेतलं, खुर्चीच्या भरात. चार फूट बाय अडीच फूट, वर दीड इंच जाड अखंड लाकडाच्या फळ्या जोडलेल्या, खाली काळी लोखंडी फ्रेम. "सॉलिड अकेशिया वुड, सर." बाबा म्हणाले, म्हणजे बाभूळ की! ती मुलगी हसली, मी पण हसलो, आणि ६३,७२० दिले. दिसायला अजूनही झकास आहे, खोटं कशाला बोलू. पहिला पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि २०२४ च्या मार्चमधे एका दुपारी हॉलमधून फाट्कन आवाज आला. मला वाटलं ट्यूब फुटली. बघतो तर टेबलावर हातभर लांब चीर, मधोमध, नाणं उभं घुसेल एवढी.

फोन केला. फोटो पाठवले. उत्तर आलं की सर, सॉलिड वुड इज अ लिव्हिंग मटेरियल, धिस इज इट्स नॅचरल कॅरेक्टर. मी म्हटलं कॅरेक्टर ५४ हजारांत इन्क्लुडेड होतं की वेगळं? त्यावर उत्तर नाही. मेल, रिमाइंडर, परत मेल. शेवटी त्यांचा माणूस आला तो जुलैत. धो धो पाऊस, हवेत ओल, आणि टेबलावरची चीर जवळपास मिटलेली! तो खाली वाकून बघतोय आणि म्हणतोय, सर क्रॅक कुठे आहे? मला माझ्याच घरात खोटं पडल्यासारखं झालं. त्याने "नो डिफेक्ट ऑब्झर्व्हड" असं लिहून सही घेतली आणि गेला. डिसेंबरात चीर परत उघडली, या वेळी अजून लांब.

शेवटी गेल्या महिन्यात मिस्त्रींना बोलावलं. ते आले, टेबलाखाली आडवे झाले, टॉर्च मारला आणि दहा सेकंदांत खालूनच बोलले, "जागाच ठेवली नाही."

मग समजावून सांगितलं. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते. अडीच फुटांच्या रुंदीला पाव इंच सहज इकडे तिकडे. त्यामुळे अखंड लाकूड लोखंडाला जोडायचं असेल तर लोखंडातली भोकं लांबट ठेवायची, स्क्रू घट्ट आवळायचा नाही, म्हणजे फळी सरकते. इथे बारा स्क्रू, गोल भोकं, करकचून आवळलेले. मार्चमधे लाकूड आकसायला गेलं, लोखंडाने सोडलं नाही, फाटलं. "हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात," म्हणाले. जुन्या दारांच्या चौकटीत मधली फळी नुसती खाचेत सैल बसवलेली असते, खिळा नसतो, ते पण ह्याचसाठी म्हणे. मी इतकी वर्षं समजत होतो की जुनी दारं खडखडतात कारण ती जुनी आहेत.

सगळे स्क्रू काढले, कानस आणि ड्रिलने भोकं लांबट केली, चिरेत त्याच लाकडाची बारीक पाचर सरस लावून बसवली, घासून पॉलिशचा हात मारला. साडेतीन तास, १,२०० रुपये. यंदाचा मार्च अजून जायचाय, पण चीर उघडलेली नाही.

तर तोच स्टुडिओ, आणि खुर्चीला मी पाचपैकी पाच देईन, टेबलाला दीड. दीडही दिसण्यासाठी. खुर्ची नऊ वेळा मोडून केलेली आणि टेबल एकदाही उन्हाळ्यात ठेवून न बघता केलेलं. दोन्हीवर डिझायनरची तीच सही. मला वाटतं अंगाला लागणाऱ्या वस्तूंना, म्हणजे खुर्ची, गादी, ऑफिसची खुर्ची, ह्यांना जास्त पैसे देण्यात अर्थ आहे कारण तिथे अर्धा-पाऊण इंचाने फरक पडतो आणि तो आपला मिस्त्री मापात घेत नाही. पण ज्यावर नुसतं काहीतरी ठेवायचंय, टेबल, कपाट, शेल्फ, टीव्ही युनिट, तिथे डिझायनर जे देतो ते डोळ्यांसाठी, आणि डोळे पंधरा दिवसांत सरावतात. आईचं गोदरेजचं स्टोरवेल कपाट १९७९ चं आहे, रंग मेहंदीच्या पाल्यासारखा, नव्या घरात कशाला म्हणून आम्ही काढायला निघालो होतो. ते अजून खण्ण करून उघडतं, आणि नवीन मोड्युलर वॉर्डरोबचं एक दार आत्ताच लोंबायला लागलंय कारण बिजागरीचा स्क्रू भुश्शाच्या बोर्डात कितीसा धरणार.

सोफ्याचंही सांगतो थोडक्यात. तो डिझायनर नाही, दुसरीकडून करून घेतला, ६२ हजारांत. दुकानदार म्हणाला ४० डेन्सिटीचा फोम. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, एवढं साधं आहे. मग मी घरी हिशोब केला, २४ बाय २४ इंच आणि ५ इंच जाड उशी ४० ची असेल तर वजन १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास हवं. डिलिव्हरीच्या दिवशी कव्हरची चेन उघडली, फोम बाहेर काढला आणि विमानाच्या बॅगा मोजायच्या काट्याला लटकवला. १ किलो ३०० ग्रॅम. दुकानदाराचा माणूस माझ्याकडे असा बघत होता की ह्या माणसाला घरी कोणी काही बोलत नाही का. उश्या बदलून मिळाल्या. काटा ३५० रुपयांचा आहे, ज्यांना सोफा घ्यायचाय त्यांनी बिनधास्त न्या, लाजायचं काय त्यात.

आणि एक सौदा मात्र जमला. बायको घरून काम करते, कंबर धरायची. मी हिंजवडीला एका सेकंडहँड ऑफिस फर्निचरच्या गोडाऊनमधून तिच्यासाठी हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एअरॉन नावाची ऑफिसची खुर्ची आणली, ३८ हजारांत. नवी घ्यायची तर लाखाच्या वर. डिझाइन १९९४ चं, बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविकचं, फोमच काढून टाकला आणि नुसती जाळी ताणली, त्यामुळे एप्रिलमधे पाठ चिकटत नाही. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमच्या संग्रहात आहे म्हणे, ते असू दे. कामाची गोष्ट ही की ती ए, बी, सी अशा तीन साइजमधे येते आणि पाठीच्या वरच्या कडेला मागून हात फिरवला की उठावाचे ठिपके लागतात, एक, दोन किंवा तीन. गोडाऊनवाल्याला हे माहीत नव्हतं, तो सगळ्या एकाच भावात देत होता. बायकोला बी बरोबर बसली. मी सी आणली असती तर ३८ हजार आणि कंबर दोन्ही गेले असते. नवीवर कंपनी १२ वर्षांची वॉरंटी देते, जुनीवर अर्थातच काही नाही, तरी मी परत हेच करीन.

राहिली ती बावीस हजारांची नक्कल. ती आमच्या बेडरूममधे आहे, तिच्यावर कपडे असतात. धुतलेले, इस्त्रीला जायचे, परत घालता येतील असे, सगळे. त्या कामाला उत्तम आहे, समोरच्या पट्टीवर मोजे पण वाळतात.

मिस्त्री टेबलाचं काम आटोपून चहा घेत होते तेव्हा बाबा आत औषध घ्यायला गेले आणि खरी खुर्ची रिकामी झाली. मिस्त्रींनी तोवर ती प्रत्यक्ष कधी बघितलीच नव्हती, माझे फोटोच काय ते. कप खाली ठेवला, जाऊन बसले. उठले. परत बसले, परत उठले. मग मला म्हणाले, "चटई टाका." खुर्ची उलटी केली, पायाच्या सांध्यावर अंगठा फिरवला, खिशातली पेन्सिल काढली आणि प्लायच्या एका तुकड्यावर बैठकीच्या बाजूची रेघ मारून घेतली, उतारासकट. बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

"फोटोत हे नव्हतं," म्हणाले.

"नव्हतं," मी म्हटलं.

"परत करू का? पंचवीस होतील. पट्टी नाही मारणार."

मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या नऊ मोडलेल्या खुर्च्या डोक्यात येतात. पण माझ्या मावशीच्या गुडघ्यांचंही तेच झालंय, तिच्याकडे काही ऐंशी हजार नाहीत, आणि प्लायचा तो तुकडा मिस्त्री विसरल्यासारखं करून आमच्याकडेच ठेवून गेलेत. स्टोरवेलच्या मागे उभा आहे.